हजार वर्षं नुसता अंधार होता, तर मग ती चर्चं बांधली कुणी?

मास्तर_कोरेगाव

नमस्कार मंडळी. मी सातारा जिल्ह्यात हायस्कूलला इतिहास शिकवतो, वीस वर्षं होत आली. मागच्या आठवड्यात युरोपातलं प्रबोधन शिकवायला घेतलं आणि दरवर्षीसारखं फळ्यावर लिहिलं, ४७६ ला रोम पडलं, मग हजार वर्षं अंधारयुग, मग प्रबोधन. नंतर प्रोजेक्टरवर चारदोन फोटो दाखवले, त्यात फ्रान्समधल्या शार्त्रच्या कॅथेड्रलचा, म्हणजे तिथल्या बिशपच्या मोठ्या चर्चचा, एक होता, निळ्या काचांचा. खाली लिहिलं होतं, ११९४ च्या आगीनंतर बांधलेलं. मागच्या बाकावरची एक मुलगी उठली, एरवी तोंड उघडत नाही ती, आणि म्हणाली सर हे साल तर अंधारयुगाच्या बरोब्बर मधे येतंय, मग अंधारात असं बांधलं कुणी?

मला उत्तर देता आलं नाही. बघून सांगतो म्हणालो आणि तास संपवला. तेव्हापासून डोक्यातून जात नाहीये, कारण वीस वर्षांत हा प्रश्न मला स्वतःला पडायला हवा होता.

तर मला नीट समजून घ्यायचंय. रोमचा बादशहा गेला, सैन्य गेलं, रस्ते उखडले, शहरं ओस पडली, हे सगळं खरं असेल तर त्यातून चर्चच कसं काय टिकलं? आणि ज्या जर्मन टोळ्यांनी रोम जिंकलं त्यांनी हरलेल्यांचा धर्म का घेतला, सहसा उलटं होतं ना? तिथपासून शार्त्रपर्यंत सातशे वर्षांत काय काय घडलं ते कुणी सांगेल का. 'धर्मसत्तेने लोकांना अज्ञानात ठेवलं' हे एक वाक्य माझ्या वहीत आहेच, त्याच्या पुढचं हवंय.

पोथीवाला

सर, प्रश्नाबद्दल त्या मुलीला माझा नमस्कार सांगा.

आधी एक दुरुस्ती. ४७६ ला पडला तो पश्चिमेचा बादशहा, रोम्युलस ऑगस्ट्युलस नावाचं पोरगं होतं, ओडोअॅकर नावाच्या सेनापतीनं त्याला गादीवरून उतरवलं आणि जीवसुद्धा घेतला नाही. कॉन्स्टँटिनोपलला पूर्वेचं रोम पुढे जवळजवळ हजार वर्षं चालू होतं. म्हणजे कोसळलं ते निम्मं घर. पण त्या निम्म्या घरात राहणाऱ्यांचे हाल झाले हे खरं आहे. रोम शहर एके काळी दहा लाखांच्या घरातलं, सहाव्या शतकात तिथे त्याचा अगदी लहानसा हिस्सा उरला, आणि पुढे फोरममधे, म्हणजे शहराच्या मुख्य चौकात, गुरं चरायची वेळ आली.

आता चर्च का टिकलं. माझ्या मते सगळ्यात साधं कारण म्हणजे शहरात शेवटी जो लिहिता वाचता येणारा, जमीनजुमला सांभाळणारा, चार लोकांत शब्दाला वजन असणारा माणूस उरला तो बिशप होता. ग्रेगरी पहिला बघा, ५९० ते ६०४ पोप होता. हा पोप होण्याआधी रोम शहराचा प्रीफेक्ट होता, म्हणजे मुलकी कारभाराचा सर्वात मोठा अधिकारी, मग सगळं सोडून आपल्या घराचाच मठ केला, आणि पोप झाल्यावर पुन्हा तेच काम गळ्यात पडलं, चर्चच्या जमिनींवरून धान्य आणून लोकांना वाटायचं, लोंबार्ड नावाची जर्मन टोळी चाल करून आली तर त्यांच्याशी बोलणी करायची, खंडणी द्यायची. बादशहाचा माणूस दूर राव्हेन्नात बसलेला. अशा वेळी लोक कुणाकडे बघणार?

दुसरं म्हणजे मठ. बेनेडिक्ट नावाचा इटालियन साधू, साधारण ५२९ च्या सुमाराला मॉन्टे कॅसिनोच्या डोंगरावर त्यानं मठ काढला आणि मठात कसं राहायचं याची नियमावली लिहिली, ७३ छोटी प्रकरणं. ती वाचली की कळतं हा माणूस किती व्यवहारी होता. किती वाजता उठायचं, किती वेळा प्रार्थना, किती तास शेतात हातानं काम, आजाऱ्याला काय खायला द्यायचं, पाहुणा आला तर कसं वागायचं, सगळं आहे त्यात. आणि एक नियम मला फार आवडतो, लेंटचा उपासकाळ सुरू झाला की प्रत्येक साधूला ग्रंथालयातून एक पुस्तक द्यायचं आणि त्यानं ते पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचायचं. आजूबाजूला साम्राज्य विरघळतंय आणि हा म्हणतोय प्रत्येकाच्या हातात एक पुस्तक हवंच. प्रत्येकाला पुस्तक द्यायचं तर पुस्तकं असायला हवीत, असायची तर कुणीतरी नकलून काढायला हवीत, आणि नकलायची तर लिहायला शिकवायला हवं. म्हणजे मठात शाळा आणि लेखनिक ओघानंच आले.

आणि पुस्तक म्हणजे केवढी मेहनत ते ऐका. कागद नाही, कातडं. इंग्लंडच्या उत्तरेला वेअरमथ-जॅरो नावाच्या जोडमठात ७१६ च्या आधी एक अखंड बायबल लिहिलं गेलं, त्याला कोडेक्स अॅमिॲटिनस म्हणतात, हजाराच्या वर पानं, वजन ३४ किलोच्या आसपास, आणि कातड्यासाठी पाचएकशे वासरं लागली असा अंदाज आहे. अशी तीन बायबलं केली त्यांनी. त्यातलं एक पोपला भेट द्यायला मठाचा म्हातारा प्रमुख केओलफ्रिथ स्वतः निघाला आणि वाटेत फ्रान्समधे लांग्रला वारला. पुस्तक इटलीत पोचलं, आज फ्लॉरेन्सला आहे.

मोडी वाचणाऱ्यांना अजून एक गोष्ट पटेल. मोडीत जशी शब्दांमधे जागा सोडत नाहीत तसंच जुन्या लॅटिन हस्तलिखितांत पण सलग लिहायचे. शब्द सुटे लिहायची सवय रुळवली ती आयर्लंडच्या साधूंनी, कारण लॅटिन त्यांची बोली नव्हती, त्यांना ती शिकावी लागत होती आणि सलग ओळ फोडणं जड जायचं. मग फ्रँक लोकांचा राजा शार्लमेन याच्या काळात, म्हणजे ८०० च्या आगेमागे, त्याच्या मठांमधे एक स्वच्छ गोल वळणाचं अक्षर तयार झालं. आज फोनवर इंग्रजी टाइप करताना जी लहान लिपीची अक्षरं दिसतात ना, त्यांचं मूळ ते. लॅटिनमधले जुने रोमन लेखक आपल्यापर्यंत आले ते बरेचसे याच नवव्या शतकातल्या नकलांमुळे. अंधारात बसून कुणीतरी रोज दिवा लावत होतं, एवढंच मला म्हणायचंय.

मॉन्टे कॅसिनो मात्र दर काही शतकांनी उद्ध्वस्त झालं. लोंबार्डांनी लुटलं, ८८३ ला अरब हल्लेखोरांनी जाळलं, १३४९ ला भूकंप, आणि दुसऱ्या महायुद्धात फेब्रुवारी १९४४ ला दोस्तांच्या विमानांनी बॉम्ब टाकले. त्या वेळी त्या डोंगरावर मठाच्या खालच्या अंगाला आपली चौथी भारतीय डिव्हिजन लढत होती. मठातली हस्तलिखितं आधीच रोमला हलवली होती म्हणून वाचली.

रोखठोक_नगरी

पोथीवाला, तुमचं लिहिणं मला आवडतं हे आधीच सांगतो, पण हे वाचून असं वाटतं की युरोप ख्रिस्ती झाला तो साधूंच्या सुंदर अक्षरामुळे. मास्तर, वर्गात सांगायचं तर हे पण सांगा.

शार्लमेननं जर्मनीच्या उत्तरेकडच्या सॅक्सन लोकांशी ७७२ ते ८०४ अशी तीस वर्षं लढाई केली. ७८२ मधे व्हर्डन इथे एका दिवसात ४५०० सॅक्सनांची मुंडकी उडवली, आणि हा आकडा शत्रूनं लिहिलेला नाहीये, फ्रँक राजांच्या स्वतःच्या बखरीतला आहे. त्यानंतर सॅक्सनांसाठी जो कायदा केला त्यात बाप्तिस्मा घ्यायला नकार देऊन लपून बसला तर मृत्युदंड, मयत जुन्या रीतीनं जाळलं तर मृत्युदंड, लेंटमधे धर्माचा अपमान म्हणून मांस खाल्लं तरी मृत्युदंड. आपल्या बापाला आपल्या पद्धतीनं अग्नी दिला म्हणून फाशी, कल्पना करा.

पुढे १०९५ ला पोप अर्बननं क्लेर्मोंमधे धर्मयुद्धाची हाक दिली, आणि जेरुसलेमला पोचायच्या आधीच १०९६ मधे ऱ्हाइन नदीकाठी वर्म्स आणि माइंझमधल्या ज्यू वस्त्या कापून काढल्या. श्पायरच्या बिशपनं तिथल्या बहुतेक ज्यूंना वाचवलं, माइंझच्या बिशपला ते जमलं नाही. १२१५ च्या चौथ्या लॅटरन परिषदेनं, म्हणजे पोपनं भरवलेल्या चर्चच्या सभेनं, ज्यू आणि मुसलमानांनी वेगळे ओळखू येतील असे कपडे घालावेत असा नियम केला. १२९० ला इंग्लंडच्या राजानं सगळे ज्यू देशाबाहेर काढले. आणि ख्रिस्ती ख्रिस्त्यांना तरी कुठे सोडत होते, १२०४ ला चौथ्या धर्मयुद्धातल्या फौजेनं कॉन्स्टँटिनोपलच लुटलं.

मी असं म्हणत नाही की शार्त्र सुंदर नाही. पण हे सगळं त्याच लोकांनी, त्याच काळात, तोच क्रूस छातीला लावून केलं. मुलांना दोन्ही कळलं पाहिजे, नाहीतर आपण एक खोटं पुसून दुसरं लिहितोय.

काळी_माती

मी परभणीकडचा, शेती करतो, इतिहासाची डिग्री नाही पण वाचायची आवड आहे. मास्तरांचा मूळ प्रश्न 'बांधलं कुणी' असा होता आणि वरच्या दोघांनीही एका गोष्टीला हात लावला नाही. बांधणाऱ्याला खायला कुठून आलं?

पाथरवट, सुतार, लोहार, काचकाम करणारे, गाडीवान, एवढी माणसं वर्षानुवर्षं शेतात न जाता दगड घडवत बसतात याचा अर्थ बाकीच्यांनी त्यांच्यापुरतं जास्तीचं पिकवलं. आणि ते पिकायला लागलं त्याला कारण नांगर. रोमन लोकांचा नांगर हलका, भूमध्य समुद्राकाठच्या भुरभुरीत जमिनीत नुसती रेघ ओढणारा. उत्तर फ्रान्स, जर्मनी, इंग्लंडची जमीन म्हणजे भारी, चिकट, पाणी धरून ठेवणारी, आपल्या काळ्या रानासारखी. तिथे जड नांगर लागतो, पुढे उभं पातं माती चिरायला, मग फाळ, आणि मागे माती उलटून टाकणारी फळी. आत्ता आपण ट्रॅक्टरला लावतो त्या पलटी नांगराचा पूर्वज म्हणा. असा नांगर ओढायला बैलही जास्त लागायचे, इंग्लंडमधे १०८६ ला राजानं जमिनीची मोजदाद केली त्या डूम्सडे बुकात एक नांगर म्हणजे आठ बैल असा हिशोब धरलाय. आमच्या आजोबांच्या काळात आमच्याकडे आठ बैलांचा लाकडी नांगर चालायचा, म्हणून ते वाचताना मला एकदम घरचंच वाटलं. आठ बैल एकट्या शेतकऱ्याकडे नसतात, तिथेही नव्हते, त्यामुळे चार घरांनी मिळून औत जोडायचं, रानं लांब लांब पट्ट्यांत वाटायची, गावानं एकत्र बसून ठरवायचं. गाव म्हणून जे घट्ट झालं ते यातून.

मग बेवड. आधी निम्मं रान पेरायचे आणि निम्मं पड ठेवायचे. नंतर तीन वाटे केले, एकात हिवाळी गहू नाहीतर राय, दुसऱ्यात उन्हाळी ओट, जव, वाटाणा, घेवडा असलं, तिसरा पड. निम्म्याच्या जागी दोन तृतीयांश रान पिकाखाली आलं, शिवाय कडधान्यानं जमीन सुधारते हे कुणाला सांगायला नको. ओट आला म्हणजे घोड्याला खायला आलं, आणि खांद्यावर बसणारा कॉलर आल्यामुळे घोड्याचा गळा न आवळता तो औत ओढायला लागला. बैलापेक्षा चाल जलद. पाणचक्क्या तर अशा वाढल्या की त्याच डूम्सडे बुकात एकट्या इंग्लंडमधे साडेपाच हजारांच्या वर गिरण्यांची नोंद आहे. ज्या बाईचे रोज दोन तास जात्यावर जायचे तिचे ते दोन तास सुटले, हे कुठल्या राजाच्या लढाईपेक्षा मला मोठं वाटतं. (गिरणी मालकाची, दळायला त्याच्याकडेच जायचं आणि वाटा द्यायचा, हेही होतं.)

१००० ते १३०० मधे युरोपची माणसं जवळपास दुप्पट झाली म्हणतात. त्या पिकातला दहावा हिस्सा चर्चला, दशांश म्हणायचे त्याला, शार्लमेनच्या घराण्यानं तो सक्तीचा केला. कॅथेड्रलचा दगड त्या दशांशातून आणि बाजारातल्या पैशातून आलाय.

आणि मठांचा यात हात होताच. सिस्टर्शियन नावाचा पंथ १०९८ ला निघाला, त्यांचा नियम होता की गावापासून लांब ओसाड जागी जाऊन राहायचं आणि हातानं कष्ट करायचे. दलदल उपसून, जंगल तोडून शेतं केली, मेंढ्या पाळल्या, पाट काढले, चक्क्या बसवल्या. त्यांच्यातला बर्नार्ड नावाचा साधू ११५३ ला वारला तोवर साडेतीनशेच्या आसपास मठ झाले होते त्यांचे.

सोपाऱ्याची_लेक

मी वसईची, कॅथलिक घरातली. आमच्याकडे बाप्तिस्म्याला स्नानसंस्कार म्हणतात, सवयीनं तोच शब्द येईल.

नगरीदादा, तुम्ही लिहिलंत ते खरं आहे आणि ते आमच्या लोकांनीही वाचायला हवं असं मला मनापासून वाटतं. पण 'का घेतला धर्म' या मास्तरांच्या प्रश्नाला सॅक्सनांची गोष्ट हे एकच उत्तर नाही, कारण बहुतेक ठिकाणी तलवार नव्हती. बहुतेक ठिकाणी आधी राणी होती. फ्रँकांचा राजा क्लोव्हिस, त्याची बायको क्लोटिल्डा आधीपासून कॅथलिक, ती वर्षानुवर्षं त्याच्या मागे लागली. इंग्लंडमधल्या केंटचा राजा एथेलबर्ट, त्याची बायको बर्था ही फ्रँक राजकन्या, ती लग्न होऊन इंग्लंडला आली ती आपला बिशप सोबत घेऊनच, त्यामुळे ५९७ ला रोमचे साधू उतरले तेव्हा तिच्या प्रार्थनेचं छोटं चर्च तिथे होतंच. पोलंडचा म्येश्को ९६६ ला ख्रिस्ती झाला, त्याच्या आदल्या वर्षी त्यानं चेक राजकन्या दोब्रावाशी लग्न केलं होतं. कीव्हच्या व्लादिमीरनं ९८८ ला स्नानसंस्कार घेतला, त्याच्या कितीतरी आधी त्याची आजी ओल्गानं घेतला होता. शाळेच्या पुस्तकात या बायकांची नावं नसतात. आणि नुसत्या राण्याच नाहीत, ६६४ ला इंग्लंडच्या चर्चनं आयरिश रीतीनं चालायचं की रोमच्या हे ठरवायला जी सभा भरली ती व्हिटबीला हिल्डाच्या मठात, आणि तो मठ साधू आणि साध्वी दोघांचा होता, प्रमुख ती.

दुसरं, टोळीच्या राजाला यातून मिळायचं काय? लिहिता येणारे लोक मिळायचे. एथेलबर्टनं ख्रिस्ती झाल्यावर लगेच आपल्या लोकांचे कायदे लिहून काढले, इंग्रजी भाषेत लिहिलेलं ते सगळ्यात जुनं काहीतरी, आणि त्यातलं पहिलंच कलम असं की देवाची आणि चर्चची वस्तू चोरली तर बारा पट भरपाई. तोंडी रीत कागदावर आली म्हणजे राजा नुसता टोळीचा दांडगा म्होरक्या राहिला नाही. रोमच्या बादशहासारखा कायदा देणारा झाला. हरलेल्यांचा धर्म वगैरे त्यांना वाटतच नव्हतं, त्यांच्या डोळ्यांत रोम अजून मोठंच होतं.

आणि ग्रेगरीच्या पत्राबद्दल कुणीच कसं लिहिलं नाही? ६०१ च्या जूनमधे त्यानं एथेलबर्टला लिहिलं, मूर्तिपूजा मोडून काढ, देवळं पाड. मग महिनाभरात त्याचं मन बदललं. इंग्लंडच्या वाटेवर असलेल्या मेलिटस नावाच्या साधूला मागून पत्र धाडलं की मी खूप विचार केलाय, देवळं पाडू नका, आतल्या मूर्ती तेवढ्या काढा, पवित्र पाणी शिंपडा, वेदी बांधा, म्हणजे लोक ओळखीच्या जागीच येत राहतील. ते लोक सणाला बैल कापतात ना, कापू द्या, देवळाभोवती फांद्यांचे मांडव घालून जेवू द्या, फक्त आता देवाचे आभार मानून. ज्याला उंच जायचंय तो पायरी पायरीनं चढतो, उडी मारून पोचत नाही, असा त्याचा मुद्दा. मूर्ती काढायला सांगितल्या ते त्या लोकांच्या जिवाला लागलं असणारच, ते मी झाकत नाही. पण मला या पत्रात एक माणूस दिसतो जो घाईत दिलेला हुकूम मागे घेतो. आणि रीतीभातींना जागा दिली म्हणूनच तो धर्म तिथे परका राहिला नाही. आमच्याकडे लग्नात गीतं मराठी, हळद आहे, हे मी रोज बघते, त्यामुळे मला ते पत्र वाचताना काही वेगळं वाटलं नाही.

आइसलंड तर बघाच. साधारण १००० साली सभेत दोन तट पडले, जुने देववाले आणि ख्रिस्ती, हातघाईवर आलं. निवाडा थोर्गेइर नावाच्या कायदे सांगणाऱ्यावर सोपवला, तो स्वतः जुन्या धर्माचा. तो एक दिवस एक रात्र घोंगडी पांघरून पडून राहिला आणि उठून म्हणाला, कायदा एकच हवा, सगळ्यांनी स्नानसंस्कार घ्या, पण घोड्याचं मांस खायला आणि घरात गुपचूप जुना नैवेद्य दाखवायला बंदी नको. (नकोशी तान्ही मुलं टाकून द्यायची रीतही तेव्हा चालू ठेवली, पुढे काही वर्षांत या सगळ्या सवलती गेल्या.) एकही लढाई न होता एक आख्खा देश.

पोथीवाला

ताई, सुंदर लिहिलंत. घोंगडीची गोष्ट मी वर्गात सांगितली असती.

नगरी, तुमचा मुद्दा मान्य, मी पहिल्या पोस्टमधे ते टाळलं हे चुकलंच. त्याला फक्त एक जोड देतो. व्हर्डनच्या काळातला शार्लमेनचा सर्वात जवळचा विद्वान आल्क्विन, यॉर्कचा. त्यानं ७९६ च्या सुमाराला राजाला आणि दरबारातल्या लोकांना पत्रं लिहून सांगितलं की माणसाला पाण्यापर्यंत ओढत नेता येतं, श्रद्धेपर्यंत नाही, आधी शिकवा आणि मग बाप्तिस्मा द्या, आणि नव्या लोकांवर दशांश लादू नका, त्या दशांशानंच सॅक्सनांची श्रद्धा मोडली. हे माझ्या शब्दांत, पण आशय हाच. म्हणजे त्याच दरबारात, त्याच वेळी, चूक आहे हे सांगणारा माणूस होता आणि ते त्यानं लिहून ठेवलं. पुढच्या वर्षीच सॅक्सनांच्या कायद्यातला तो कडकपणा बराच कमी केला गेला.

अजून एक राहिलंय आणि ते आपल्या जवळचं आहे. या संस्कृतीनं बाराव्या शतकात जी झेप घेतली ती उधारीवर. १०८५ ला स्पेनमधलं टोलेडो ख्रिस्ती राजाच्या हातात आलं, अरबी ग्रंथांनी भरलेलं शहर. इटलीतल्या क्रेमोनाचा जेरार्ड तिथे गेला तो फक्त प्राचीन ग्रीक विद्वान टॉलेमीचा खगोलावरचा ग्रंथ वाचायला, त्यासाठी अरबी शिकला आणि तिथली पुस्तकं बघून परत गेलाच नाही, ११८७ ला मरेपर्यंत सत्तरच्या वर ग्रंथ लॅटिनमधे आणले, इब्न सीनाचं वैद्यक त्यात आलं. आपले अंक पण याच वाटेनं गेले. १२०२ ला पिसाच्या फिबोनाचीनं जे गणिताचं पुस्तक लिहिलं त्याच्या सुरुवातीलाच तो सांगतो, हे हिंदू लोकांचे नऊ अंक, आणि यांच्या जोडीला शून्य. फ्लॉरेन्सच्या सराफांनी १२९९ ला हिशोबात ते वापरायला बंदी घातली होती, तरी अंक थांबले नाहीत.

आणि ज्या विद्यापीठांत हे सगळं शिकवलं जायला लागलं, बोलोन्या, पॅरिस, ऑक्सफर्ड, ती याच काळातली. पॅरिसमधे १२१० ला अॅरिस्टॉटलचे निसर्गावरचे ग्रंथ शिकवायला बंदी होती आणि १२५५ ला तेच अभ्यासक्रमात सक्तीचे झाले. पंचेचाळीस वर्षांत. बंदी आणि सक्ती दोन्ही चर्चच्याच छपराखाली, हे मास्तरांच्या वहीतल्या त्या एका वाक्यात बसत नाही.

मास्तर_कोरेगाव

तुम्हा सगळ्यांचे किती आभार मानू. काल रात्री तीन वेळा वाचलं.

आज वर्गात घेतलं. फळ्यावर 'अंधारयुग' शब्द लिहिला आणि पुसला नाही, त्याच्यापुढे प्रश्नचिन्ह काढलं. आठ बैलांच्या नांगरापासून सुरू केलं, कारण आमच्या मुलांना ते लगेच पकडता येतं, एकानं घरी माळ्यावर तसला मोडका नांगर आहे म्हणून सांगितलं, उद्या फाळ घेऊन येतो म्हणालाय. मग त्या तीन बायबलांची वासरं, मग राण्या. व्हर्डन सांगितलं तेव्हा वर्ग गप्प झाला. बापाला अग्नी दिला म्हणून मृत्युदंड, हे ऐकून पोरं एकमेकांकडे बघत होती. मी त्यावर काही बोललो नाही, तसंच राहू दिलं.

त्या मुलीला विचारलं उत्तर मिळालं का. ती म्हणाली बांधलं कुणी ते कळलं, पण सर, ज्यांनी पाया खणला त्यांना माहीत होतं का की आपण पूर्ण झालेलं बघणार नाही? मी वाचलेलं सांगितलं, शार्त्रचा मुख्य भाग साधारण तीस वर्षांत उभा राहिला, त्यामुळे तिथे काहींनी बघितलं असेल, पण फ्रान्समधल्याच बोव्हेला त्याहून उंच करायला गेले आणि १२८४ ला छत खाली आलं, पुन्हा बांधलं, आणि ते कॅथेड्रल आजपर्यंत पूर्ण झालेलं नाही. ती बराच वेळ वहीत काहीतरी लिहीत होती.

ताई, एक विचारायचं राहिलं. तुमचं नाव सोपाऱ्याची लेक, ते नुसतं गावाचं म्हणून की या विषयाशी काही संबंध आहे? मुलं विचारतात आपल्याकडे तेव्हा यातलं कुणी आलं होतं का. मी पोर्तुगीज १५१० ला गोव्यात आले एवढंच सांगू शकलो.

सोपाऱ्याची_लेक

मास्तर, गाव म्हणून आणि संबंध पण आहे.

पोर्तुगीजांच्या दोनशे वर्षं आधीची गोष्ट आहे. १३२१ मधे चीनकडे निघालेले चार फ्रान्सिस्कन पंथाचे साधू इराणजवळच्या होर्मुझहून गलबतात बसले, जायचं होतं केरळातल्या कोल्लमला, पोचले ठाण्याला. टोलेंटिनोचा थॉमस, पादुआचा जेम्स, सिएनाचा पीटर आणि तिफ्लिसचा दिमित्री, तो दुभाषा. त्यांच्यासोबत जॉर्डनस नावाचा डॉमिनिकन या दुसऱ्या पंथाचा एक साधू होता. ठाण्यात तेव्हा पूर्वेकडच्या जुन्या चर्चच्या ख्रिस्त्यांची पंधराएक घरं होती, त्यातल्याच एका घरी हे उतरले. जॉर्डनस पुढे भडोचकडे निघाला आणि इकडे एका घरगुती भांडणात साक्ष द्यायला म्हणून बाकीच्यांना काझीसमोर नेलं, तिथे धर्मावरून वाद पेटला आणि एप्रिलमधे चौघांना मारलं. जॉर्डनस परत आला, त्यानं ती शरीरं सोपाऱ्याला आणून पुरली. नंतर ओडोरिक नावाचा दुसरा फ्रान्सिस्कन आला, त्यानं त्यांच्या अस्थी काढून बरोबर घेतल्या आणि समुद्रमार्गे थेट चीनपर्यंत नेल्या.

जॉर्डनस एकटाच राहिला या किनाऱ्यावर. त्याची दोन पत्रं टिकली आहेत, एक गुजरातेतल्या घोघ्याहून आणि एक ठाण्याहून लिहिलेलं. १३२९ ला पोपनं त्याला कोल्लमचा बिशप नेमलं. मुलांना नकाशावर ठाणे, सोपारा आणि घोघा दाखवा, फार लांब नाहीत एकमेकांपासून.